भाडे दिले म्हणजे ऋण फिटले काय?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्यात म्हण आहे. आपले लष्कर शहर हे या म्हणीचे एक मोठे उदाहरणच होय. १८१० च्या सुमारास महाराज दौलतराव शिंदे यांनी उज्जयिनीहून आपले ठाणे हलविले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस फौजेचा तळ दिला. तंबू, राहुट्या, पागा आणि बाजारबुणगे यांचा तो पसारा तेथे पडला आणि दोन शतके उठला नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, सरदारांच्या मुक्कामांच्या गोठी झाल्या. पण नाव मात्र छावणीचेच राहिले. चिटणिसांची गोठ, शिंद्यांची छावणी असे पत्ते आपण आजही सांगतो, तेव्हा नकळत हेच कबूल करीत असतो की, या गावी प्रथम आलेला प्रत्येक जण बिऱ्हाडकरूच होता.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्यास एक निमित्त घडले आहे. येत्या वार्षिक सभेपुढे मंदिराच्या आवारातील भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न यावयाचा आहे. त्याविषयी सभामंडपात, ओट्यावर आणि घरोघरी दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, देवाच्या जागेवर लोक नाममात्र भाड्याने वर्षानुवर्षे बसले आहेत; त्यांना नोटिसा देऊन जागा मोकळ्या करून घ्याव्यात. दुसरा पक्ष म्हणतो, देवाच्या दारातून कोणास बाहेर काढणे हे पाप आहे. जे चालले आहे ते चालू द्यावे. दोन्ही पक्षांतील माणसे सज्जन आहेत आणि दोन्ही पक्ष 'धर्म' हाच शब्द उच्चारतात. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करावा असे प्रस्तुत लेखकास वाटले. मी येथे कोणाचे नाव घेणार नाही आणि खोलीचा क्रमांकही लिहिणार नाही. मात्र शेवटी माझ्या स्वतःच्या घरातील एक गोष्ट सांगणार आहे. कारण दुसऱ्याच्या दाराशी न्याय बोलण्यापूर्वी आपल्या दाराशी तो बोलून पाहावा, हे बरे.

प्रथम आपल्या गावातील घरमालक आणि भाडेकरू हे नाते कसे उत्पन्न झाले ते पाहू. शिंदेशाहीतील वाड्यात मालक राहत असे आणि त्याच्या आश्रयाने अनेक कुटुंबे राहत. कोणी कारकून, कोणी पुराणिक, कोणी शागीर्दपेशातील, कोणी केवळ गाववाला म्हणून दोन खणांत राहिलेला. त्यांच्याकडून भाडे घेण्याची कल्पना पुष्कळ ठिकाणी नव्हती. असलीच तर ती नावापुरती होती. वाडा जहागिरीवर चाले, भाड्यावर नव्हे. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध-पंजाबातून निर्वासित झालेली कुटुंबे या शहरात आली. १९४८ साली मध्यभारत राज्य झाले आणि ग्वाल्हेर ही त्याची हिवाळी राजधानी ठरली. तेव्हा कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांमागून नोकरदारांची बिऱ्हाडे आली. तशात १९५१ च्या कायद्याने मध्यभारतातील जहागिरी नष्ट झाल्या. ज्या वाड्याला उत्पन्नाची दुसरी वाट उरली नाही, त्याच्या मालकाला माडीवरील दोन खोल्या आणि सोप्याची बाजू भाड्याने देणे भाग पडले. जेथे आश्रयदाता आणि आश्रित राहत होते, तेथे मालक आणि भाडेकरू राहू लागले. नाते बदलले, भिंती, विहीर आणि दिंडी दरवाजा मात्र तेच राहिले. १९५६ साली राजधानी भोपाळास गेली, काही कचेऱ्या उठल्या, काही येथेच राहिल्या. पण हे नवे नाते आता कायमचे झाले होते.

नाते नवे असले की त्याला नियम लागतात. घरे थोडी आणि घर मागणारे फार, अशा स्थितीत मालकाने वाटेल तेवढे भाडे मागावे आणि न दिल्यास सामान रस्त्यावर फेकावे, हे कोणतेही राज्य सहन करू शकत नाही. म्हणून मध्यभारतात संवत् २००६ चे, म्हणजे १९५० सालचे, स्थान-नियंत्रण विधान आले. आणि नव्या मध्यप्रदेश राज्याने १९६१ साली स्थान नियंत्रण अधिनियम केला. हा अधिनियम पुढे कित्येक दशके लष्करातील घरोघरचा कायदा झाला. त्यातील कलम बारा हे तर येथील सामान्य माणसालाही तोंडपाठ असे. 'बारा लावला' म्हणजे काय, हे शाळेत न गेलेल्या वृद्धासही समजत असे.

या कायद्याचा आशय थोडक्यात असा. भाडेकरू भाडे देत आहे आणि नीट राहत आहे तोवर मालकाला त्याला केवळ मर्जीने काढता येणार नाही. त्यासाठी कायद्यात सांगितलेले एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागेल. भाडे थकले आणि मागणीची नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांत ते चुकते केले नाही, हे एक कारण. मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला, हे दुसरे. मालकाला स्वतःसाठी अथवा आपल्या कुटुंबीयांसाठी जागेची खरीखुरी गरज आहे, घर राहण्यास धोक्याचे झाले आहे, भाडेकरूने परवानगीवाचून मोडतोड केली आहे, ही आणखी काही. यांखेरीज दोन कारणे अशी आहेत की, त्यांच्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. भाडेकरूने राहण्याजोगे दुसरे घर बांधले किंवा मिळविले असेल तर, आणि योग्य कारणावाचून सलग सहा महिने जागेचा उपयोग केला नसेल तर, त्याचा त्या जागेवरील हक्क ढिला होतो. म्हणजे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले ते त्याच्या गरजेला दिले, त्याच्या कुलुपाला नव्हे.

उलट बाजूस मालकावरही बंधने घातली. घर राहण्याजोगे ठेवणे हे त्याचे काम. त्याने ते टाळले तर भाडेकरूला ठराविक मर्यादेपर्यंत दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. भाडेकरूला हुसकून लावण्यासाठी नळ, वीज, संडास यांची सोय तोडता येत नाही. भाडे घेतले की पावती दिली पाहिजे. पागडी मागता येत नाही. स्वतःच्या गरजेचे कारण सांगून जागा मिळवायची आणि लगेच ती दुसऱ्यास अधिक भाड्याने द्यायची, यालाही मनाई आहे. कायदे पुढे बदलत आले आणि बदलतही राहतील. १९८३ च्या दुरुस्तीने विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांसाठी जागा परत मिळविण्याची वेगळी आणि जलद वाट काढली. कारण मालक नेहमीच बलवान आणि भाडेकरू नेहमीच दुबळा असतो हा समज खरा नाही, हे तोवर अनुभवाने कळून चुकले होते. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांना आदर्श म्हणून जो भाडेकरार कायदा सुचविला, त्यातही लेखी करार, राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत नको, आणि मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, असा दोघांना बांधणारा विचार आहे. कोणाच्या प्रकरणास कोणता नियम लागू होतो हे त्याने आपल्या वकिलास विचारावे. आपल्याला येथे पाहावयाचे आहे ते एवढेच की, या सर्व नियमांच्या मुळाशी न्यायाची कोणती कल्पना आहे.

ही कल्पना परकी आहे, इंग्रजांच्या कचेऱ्यांतून आली आहे, असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांना गवसली आणि १९०९ साली तिचे मुद्रण झाले. तिच्या तिसऱ्या अधिकरणात घर आणि वास्तू यांचा विचार आला आहे. तेथे कौटिल्याने सांगितले आहे की, जागा सोडण्यास सांगितले असता जो हटून राहतो त्याला बारा पण दंड. आणि भाडे देणाऱ्या रहिवाशास जो मालक घालवून देतो त्यालाही बारा पण दंड. मात्र तो रहिवासी शिवीगाळ, चोरी, दांडगाई, परस्त्रीसंबंध किंवा खोट्या हक्काने उपभोग, यांपैकी कशात सापडला असेल तर मालकाला दोष नाही. आणि जो वर्ष पुरे होण्यापूर्वी आपण होऊन निघून जातो त्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे. नारदस्मृतीतही असाच एक बारकावा आहे: दुसऱ्याच्या जमिनीवर भाडे देऊन ज्याने झोपडी उभारली, त्याने जाताना आपले गवत, लाकूड, विटा घेऊन जाव्यात, जमीन मालकाची, पण श्रम ज्याचे त्याचे.

वाचकांनी त्या दोन दंडांची बरोबरी ध्यानात घ्यावी. कौटिल्य हा काही भाबडा लेखक नव्हे. दुबळ्याला कमी दंड आणि सबळाला अधिक, असे त्याने येथे केले नाही. किंवा मालकी पवित्र म्हणून मालकाला सोडले, असेही केले नाही. हटून बसणारा आणि हुसकून लावणारा हे दोघे त्याच्या तराजूत सारखेच उतरले. कारण दोघांचा अपराध एकच आहे. दोघेही घराचे दोन धनी असतात हे विसरतात. ज्याच्या नावावर घर आहे तो एक धनी. ज्याची चूल त्यात पेटते तो दुसरा. पहिल्याचा हक्क दीर्घ आहे पण दूरचा आहे. दुसऱ्याचा हक्क जवळचा आहे पण मुदतीचा आहे. या दोहोंपैकी एकच खरा मानला की अन्यायाला आरंभ होतो.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो.

आमचे बिऱ्हाड दौलतगंजाच्या मागील बाजूस एका जुन्या वाड्यात होते. मालकीण विधवा होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. त्यांना मूल नव्हते. वाड्यातील चार बिऱ्हाडांच्या भाड्यावर त्यांचा निर्वाह चाले. आमच्याकडे माडीवरील एक मोठी खोली आणि तिला लागून स्वयंपाकाची लहान खोली होती. भाडे महिना अकरा रुपये. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सरकारी कचेरीत कारकून होते आणि अत्यंत सरळ वर्तनाचे म्हणून त्यांची ख्याती होती. कचेरीतील एक टाचणी त्यांनी कधी घरी आणली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेस ते अकरा रुपये पाकिटात घालून माईंकडे जात आणि पावती घेऊन येत. त्या पावत्या तारखेवार दोऱ्यात ओवून खुंटीला टांगलेल्या असत.

१९७४ साली मुरारच्या रस्त्याकडील नव्या वसाहतीत अण्णांनी स्वतःचे घर बांधले आणि आम्ही तेथे राहावयास गेलो. पण माडीवरील खोली त्यांनी सोडली नाही. तीत एक मोडका पाळणा, दोन ट्रंका आणि आजोबांच्या पोथ्यांचे गाठोडे ठेवून तिला कुलूप लावले. मुलांपैकी कोणाला पुढेमागे गावात जागा लागेल, हा विचार. सर्वच जण तसे करीत होते, म्हणून त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटले नाही. दर महिन्याच्या पाच तारखेस अण्णा पूर्ववत सायकलीवरून जात, अकरा रुपये देत आणि पावती आणीत.

पहिल्या एकदोन वर्षांत माई म्हणत, "अण्णा, खोली लागत नसेल तर किल्ली द्या हो. कोणी नोकरदार ठेवीन म्हणते. छतातून पाणी गळते आहे, तेवढे तरी करून घेता येईल." अण्णा म्हणत, "पाहू, माई, पुढच्या महिन्यात." मी पुष्कळदा बरोबर असे. अण्णांच्या आवाजात जरासुद्धा उर्मटपणा नसे आणि माईंच्या आवाजात जरासुद्धा तक्रार नसे. पुढे माईंनी विचारणेच सोडले. त्या पावती लिहून देत आणि मला हातावर साखर घालीत. पावसाळ्यात माडीचे पाणी खाली त्यांच्या देवघरात उतरू लागले, तेव्हा त्यांनी देव्हारा दुसऱ्या भिंतीशी हलविला. तेरा वर्षे हे असे चालले. १९८७ साली माई वारल्या, आणि त्यांच्या पुतण्याने शब्द टाकताच अण्णांनी किल्ली दिली. पाळणा तोवर कुजून गेला होता. पोथ्यांना वाळवी लागली होती. त्या तेरा वर्षांत आम्ही ती खोली एक रात्रही वापरली नव्हती.

अण्णा पापी होते असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी भाडे नियमित दिले म्हणून माईंचे ऋण फिटले, असेही मला म्हणता येत नाही. पुढे कायद्याशी माझा परिचय झाला तेव्हा मला आणखी एक आश्चर्य कळले. कायदा आमच्या बाजूने आहे अशीच आमच्या घरात सर्वांची समजूत होती. वस्तुतः तो आमच्या बाजूने नव्हताच. आम्ही स्वतःचे घर बांधले होते. सहा महिने कशाला, तेरा वर्षे जागा बंद होती. माईंनी दावा लावला असता तर त्यांना जागा मिळण्यास बळकट आधार होता. पण त्यांनी तो लावला नाही. वकिलाची फी, तारखा, साक्षी, आणि मुख्य म्हणजे 'अण्णांसारख्या माणसाविरुद्ध कोर्टात कसे जावे' हा संकोच. आमच्या बाजूने कायदा नव्हता. माईंचा भिडस्तपणा आमच्या बाजूने होता, आणि त्यालाच आम्ही हक्क समजत होतो.

यावरून मला कायदा आणि धर्म यांतील एक भेद कळला, तो असा. कायद्याला वादी लागतो. कोणी फिर्याद केल्यावाचून तो जागेवरून हलत नाही. ज्याला फिर्याद करण्याचे बळ नाही, त्याच्या बाबतीत कायदा छापलेला असूनही नसल्यासारखा असतो. धर्माला वादी लागत नाही. समोरचा माणूस गप्प राहिला म्हणजे आपले दायित्व संपले, असे धर्म कधी म्हणत नाही. उलट तो गप्प का राहिला, हे विचारण्यापासूनच धर्माचा आरंभ होतो.

याची दुसरी बाजूही मी याच शहरात पाहिली आहे, आणि ती लपविणे हा पक्षपात होईल. एका मालकाने आपल्या वृद्ध भाडेकरूने निघून जावे म्हणून आधी जिन्यातील दिवा काढला, मग नळाची तोटी बंद केली, मग रोज पहाटे दाराशी कोळसे फोडण्यास बसविले. भाडे एक महिनाही थकलेले नव्हते. त्या गृहस्थांनी कचेरीत अर्ज केला असता तर नळ पुन्हा सुरू झाला असता. पण त्यांनीही तो केला नाही. एके दिवशी त्यांनी हातगाडी बोलाविली आणि ते मुलीकडे गेले. तेथेही कायदा होता आणि वादी नव्हता. माईंचा आणि त्यांचा दोष एकच होता: दोघेही सभ्य होते.

आता कोणी म्हणेल, भाडेकरूवर दया करावी, भाडे वाढवू नये, हीच सर्वांत सुरक्षित नीती नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते. तेथे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकली. हेतू चांगला होता आणि त्या काळी तो आवश्यकही होता. पण दशके लोटली, धान्य, चुना, लोखंड, मजुरी सर्व महागले आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून मालकाने पाठ फिरविली; घर आपले नाही म्हणून भाडेकरूनेही हात लावला नाही. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ आणि वेगळा कर उभारावा लागला. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, काळ बदलूनही भाडे गोठवून ठेवणे हे आता न्याय्य राहिलेले नाही. त्यानंतर नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्यात दरवर्षी शेकडा चार वाढीची तरतूद झाली. आपल्याकडेही १९६१ च्या कायद्यात जुन्या घरांचे भाडे ठरविताना १९४८ सालच्या भाड्याचाच आधार धरलेला होता. त्याचे परिणाम लष्करातील पडक्या माड्यांवर कोणालाही वाचता येतील. दयेचा खर्च कोणाला तरी द्यावाच लागतो. तो कोण देतो हे न पाहता केलेली दया ही बहुधा दुसऱ्याच्या खिशातून केलेली असते.

येथेच आपल्या मंदिराच्या खोल्यांचा प्रश्न येतो, आणि येथे तो अधिक नाजूक होतो; कारण या खोल्यांचा मालक आपल्यापैकी कोणीही नाही. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला मालमत्ता असते आणि तिच्या हिताचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे, हे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले. अज्ञान बालकाची मालमत्ता पालकाने सांभाळावी तशी देवाची मालमत्ता व्यवस्थापकांनी सांभाळावयाची. १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याने म्हणूनच बंधन घातले की, न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाची असेल तर निबंधकाची पूर्वसंमती पाहिजे. दुसरीकडे, ज्या जागांचे सर्व उत्पन्न धार्मिक अथवा धर्मादाय कार्यास लागते, त्या जागांना भाडेनियंत्रणातून सूट देण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्याने शासनाला दिला.

आपल्यातील पहिला पक्ष या सुटीकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, आपल्याला कलम बाराची अडचणच नाही. मग वाट कशाची पाहता? या बांधवांना मी नम्रपणे विचारतो, ही सूट धार्मिक संस्थांना का मिळावी? व्यापाऱ्याला जे करू देत नाही ते देवळाला करू द्यावे, यामागे देऊळ अन्याय करणार नाही असा विश्वास आहे. ज्या विश्वासाने मोकळीक मिळाली तोच विश्वास मोडण्यासाठी ती वापरणे म्हणजे देवाच्या नावावर कर्ज काढून बुडविण्यासारखे आहे. ज्याला कायदा अडवीत नाही, त्याने स्वतःस अधिक अडविले पाहिजे.

दुसऱ्या पक्षास मी तितक्याच नम्रपणे विचारतो, आपण ज्या दयेची भाषा बोलता ती कोणाच्या पैशाने? खोल्यांचे उत्पन्न म्हणजे समईचे तेल, पुजाऱ्यांचे वेतन आणि उत्सवाचा प्रसाद. त्यात घट करून आपण जे औदार्य दाखवितो, त्याचा भार आपल्यावर पडत नाही. शिवाय सर्व भाडेकरू सारखे नाहीत. कोणाचा त्या एका खोलीवाचून आसरा नाही. कोणाची मुले परगावी स्वतःच्या घरांत सुखी आहेत आणि येथील खोलीला कुलूप आहे. कोणी आपल्या नावाची जागा दुसऱ्याला देऊन वरचा पैसा घेतो. आणि स्पष्टच लिहावयाचे तर, काही जागा कधीकाळी कार्यकारी मंडळींच्या आप्तांना मिळाल्या, म्हणून त्यांविषयी कोणी बोलत नाही. या सर्वांना एकाच दयेने झाकणे म्हणजे दुबळ्याच्या पदराआड सबळाला लपविणे होय.

म्हणून सभेने विचार करावा यासाठी मी काही गोष्टी सुचवितो. प्रथम, प्रत्येक खोलीत प्रत्यक्ष कोण राहते हे दोन वडीलधाऱ्या सभासदांनी घरी जाऊन, चहा घेऊन, आपलेपणाने पाहावे. नोटिशीने आरंभ करू नये. ज्यांच्या खोल्या बंद आहेत त्यांनी किल्ली आपण होऊन परत करावी, अशी विनंती व्हावी. ज्यांना शक्ती आहे त्यांचे भाडे टप्प्याटप्प्याने योग्य पातळीवर आणावे, त्याचा लेखी करार व्हावा, निबंधकांची संमती लागेल तेथे ती घ्यावी आणि पावती दर महिन्यास द्यावी. गळके छत आणि मोडका जिना यांची दुरुस्ती वाढीच्या आधी व्हावी, नंतर नव्हे. कारण राहण्याजोगे घर न देता राहण्याचे मोल मागण्याचा अधिकार देवालाही नाही. आणि ज्या एकदोन निराधार व्यक्तींना वाढीव भाडे झेपणार नाही त्यांना तेथून हलवू नये. मात्र योग्य भाडे आणि त्यांचे भाडे यांतील अंतर देवाच्या पेटीतून न सोडता सभासदांनी वेगळा निधी उभारून भरावे. म्हणजे देवाचे देवाला मिळेल आणि दया आपल्या स्वतःच्या खिशातून होईल. ज्यांना दया प्रिय आहे त्यांना तिचे पुण्यही त्यामुळे खऱ्या अर्थाने लाभेल.

ही योजना सर्वांना पसंत पडेलच असे नाही. तीत चूक असेल तर सभेत दाखवावी. पण निर्णय कोणताही होवो, तो करताना कौटिल्याचे ते दोन सारखे दंड आपण दृष्टीसमोर ठेवावेत. आपण मालकाच्या बाजूस बसलो असू तर हुसकून लावणारे आपण तर नाही ना, आणि भाडेकरूच्या बाजूस असू तर हटून बसणारे आपण तर नाही ना, एवढे प्रत्येकाने मनाशी विचारावे. ज्या शहराचा पायाच एका छावणीने घातला, त्या शहरातील लोकांना हे अवघड जाऊ नये. आपण सर्वच येथे काही मुदतीसाठी उतरलो आहोत, आणि किल्ली एके दिवशी परत द्यावयाचीच आहे. ती मागितल्यावर लगेच दिली की तेरा वर्षांनी, एवढाच प्रश्न उरतो.

अण्णांच्या पावत्यांचा तो दोरा अद्याप माझ्याजवळ आहे. घर बांधल्यानंतरच्या त्यात एकशे छप्पन्न पावत्या आहेत. प्रत्येकीवर माईंची थरथरत्या हाताची सही आहे आणि प्रत्येकीवर अकरा रुपये पोचल्याचे लिहिले आहे. ती खोली त्या काळी दुसऱ्याला दिली असती तर माईंना किती मिळाले असते, याचा मी जुन्या शेजाऱ्यांना विचारून एक अंदाज केला आहे. माईंना आता ते देता येत नाही. म्हणून वर सुचविलेल्या निधीची स्थापना सभेने मान्य केल्यास ती रक्कम त्यात प्रथम माझ्याकडून जमा व्हावी, अशी माझी इच्छा आहे. तिची पावती मात्र मला नको.